लाईन : एका परक्या शब्दाचा संसार

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव महाराष्ट्रास विनोबांचे जन्मगाव म्हणून ठाऊक आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म तेथे झाला, व पुढे कुटुंब बडोद्यास गेले तोपर्यंत त्यांचे बालपणही तेथेच गेले. ज्या कुलाबा जिल्ह्यात ते जन्मले त्याचे नाव १९८१ साली रायगड असे झाले. गावाचे नाव मात्र होते तसेच आहे, आणि आजच्या विवेचनाचा आरंभ आम्हांस त्या नावापासूनच करावयाचा आहे. ‘बुद्रुक’ हा शब्द मराठी नव्हे. फारसीतील ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा, थोर, वडील. त्याचे आमच्या खेड्यांतून ‘बुद्रुक’ झाले आणि त्याच भाषेतील ‘खुर्द’ म्हणजे लहान हा त्याचा धाकटा सोबती झाला. मूळ भाषेत वय, अधिकार, विद्या, थोरवी अशा अनेक अर्थांनी वावरणारा हा शब्द मराठीत आल्यावर एका गावाच्या वेशीशी येऊन बसला आणि दोन गावांपैकी मोठे कोणते एवढेच सांगू लागला. त्यास परका म्हणून ओळखणारा मनुष्य आज त्या वेशीच्या आत सापडणे कठीण.

शब्दांच्या अर्थांविषयी विनोबांनी स्वतः एक मार्मिक विचार मांडला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि जी साने गुरुजींनी उतरून घेतली, त्यांत ते जुन्या शब्दांवर नव्या अर्थांचे कलम करण्याच्या गीतेच्या हातोटीचा गौरव करतात. गीतेने ‘यज्ञ’ हा शब्द टाकून दिला नाही. वेदीवरील आहुतीचा तो शब्द तिने द्रव्ययज्ञ, तपोयज्ञ, ज्ञानयज्ञ असा विस्तारला. खोड जुने, फांदी नवी. कोकणातील मनुष्यास ही उपमा समजावून सांगावी लागत नाही, कारण आंब्याचे कलम त्याच्या परसातच असते. मौज अशी की, हा ‘कलम’ शब्दही अरबी-फारसीच्या वाटेने आमच्याकडे आलेला आहे. तो लेखणीही दाखवतो, कायद्याचा परिच्छेदही दाखवतो आणि आंब्याची बांधलेली फांदीही दाखवतो. एवढे तीन व्यवसाय करूनही त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही.

विनोबांनी सांगितलेल्या क्रियेची एक उलट क्रियाही भाषेत घडत असते, आणि तिच्याकडे समीक्षकांचे लक्ष फारसे जात नाही. खोड परके आणि त्यावर बांधलेल्या फांद्या आपल्या, अशी ती क्रिया होय. इंग्रजी शब्द मराठीत आला म्हणजे त्याचे इंग्रजी अर्थही त्याच्याबरोबर आले असे आपण समजतो. प्रत्यक्षात पाहुणा एकटाच येतो. त्याचा संसार येथे मांडला जातो. या विधानाची परीक्षा पाहण्यासाठी एखादा विद्वज्जड शब्द घेण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्यापासून वायरमनपर्यंत ज्याच्यावाचून कोणाचा दिवस जात नाही असा एक शब्द आम्ही निवडला आहे, तो म्हणजे ‘लाईन’.

प्रथम त्याचे माहेर पाहू. लॅटिन भाषेत जवसाच्या झाडास जो शब्द होता त्यावरून त्या झाडाच्या वाखाच्या दोऱ्यास एक शब्द झाला, आणि त्या दोऱ्यावरून इंग्रजी ‘लाईन’ निघाला. म्हणजे मुळात हा शब्द दोरीचा आहे. दोरी ताणली की सरळ रेघ मिळते. रेघ मिळाली की तिच्या कडेने माणसे उभी करता येतात, अक्षरे मांडता येतात, सीमा आखता येते. अशा रीतीने त्या एका दोऱ्यास कवितेची ओळ, नटाचे भाषण, राजघराण्याचा वंश, लढाईची फळी, मासे धरण्याच्या गळाची दोरी, विषुववृत्त आणि मित्रास लिहिलेले दोन शब्दांचे पत्र इतके सर्व अर्थ इंग्रजीत लागले. हे पाहून इंग्रजीच्या श्रीमंतीने दिपून जाण्याचे मात्र कारण नाही. आमच्या ‘सूत्र’ शब्दाने तीच वाट तिच्या कितीतरी आधी चालून दाखविली आहे. सूत्र म्हणजे दोरा. त्या दोऱ्यापासून पाणिनीचे सूत्र झाले, नाटकाचा सूत्रधार झाला, मंगळसूत्र झाले, राज्याची सूत्रे झाली. त्याचेच तद्भव ‘सूत’ घेऊन गवंडी भिंत सरळ करतो, दोन माणसांचे सूत जुळते आणि उतावळा मनुष्य सुतावरून स्वर्ग गाठतो. दोऱ्यावरून सरळपणा आणि सरळपणावरून व्यवस्था ही कल्पनेची धाव दोन्ही भाषांनी परस्परांस न विचारता केली आहे.

आता त्याचे सासर. पेण किंवा रोहे येथील स्टेशनावर उभ्या असलेल्या कोणाही गृहस्थाचे संभाषण ऐकावे. तिकिटासाठी तो ‘लाइनीत’ उभा असतो. येथे लाईन म्हणजे रांग. रोह्यापासून पुढे जी कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली, तिच्याविषयी बोलताना तो ‘लाईन झाल्यापासून’ असे म्हणतो. येथे लाईन म्हणजे लोहमार्ग. मुंबईस राहणाऱ्या आप्तास तो ‘तुम्ही कोणत्या लाईनला?’ असे विचारतो, आणि ‘हार्बर’ किंवा ‘सेंट्रल’ या एका शब्दात त्यास उत्तर मिळते. या प्रश्नातील लाईन म्हणजे केवळ रूळ नव्हेत. कोणाचे घर कोठे, गाडी कोणती, घरी पोहोचावयाची वेळ कोणती, एवढे सारे आयुष्य त्यात येते. इतक्यात घरी दूरध्वनी करावा तर ‘लाईन लागत नाही’. मुलाची चौकशी केली तर त्याने ‘लाईन बदललेली’ असते, म्हणजे विज्ञानशाखा सोडून तो वाणिज्यशाखेकडे गेलेला असतो. जावई पोलिसांत असून ‘पोलीस लाइनीत’ राहतो. नळाची लाईन फुटल्यामुळे घरी पाणी नाही. विदर्भातील स्नेही सांगतो की त्याच्याकडे रात्रभर ‘लाईन नव्हती’, म्हणजे वीज गेली होती. एखाद्या राजकीय पक्षाची ‘लाईन’ बदलली असे वर्तमानपत्र सांगते, आणि शेजारचा द्वाड मुलगा आता ‘लाइनीवर आला’ असे शेजारीण सांगते. तोच मुलगा पूर्वी कॉलेजच्या फाटकाशी उभा राहून ‘लाईन मारीत’ असे, हेही ती सांगावयास विसरत नाही.

या यादीत इंग्रजाकडून जसेच्या तसे उचललेले अर्थ आहेत, तसे येथेच जन्मलेलेही आहेत. ‘लाईन मारणे’ हा प्रयोग अक्षरशः इंग्रजीत नेला तर लंडनच्या मनुष्यास कोणी रेघ ओढली की दोरी फेकली, याचा उलगडा होणार नाही. ‘रात्रभर लाईन नव्हती’ यानेही तो बुचकळ्यात पडेल. हे आमचे कलम आहे.

त्याहून अधिक लक्षात घेण्यासारखी गोष्ट व्याकरणाची आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तूस लिंग नाही. मराठीत आल्याबरोबर लाईन स्त्रीलिंगी झाली. असे का व्हावे? आम्हांस वाटते, रांग, ओळ, रेघ, रेषा, दोरी, वाट या साऱ्याजणी येथे आधीपासून होत्या व त्या सर्व स्त्रीलिंगी होत्या. नव्या सुनेस त्यांनी आपल्यांत ओढून घेतले. पुढे तिचे अनेकवचन ‘लाइनी’ झाले. ‘विहीर’ची ‘विहिरीत’ होताना जसा उपान्त्य स्वर ऱ्हस्व होतो, तसाच ‘लाईन’ची ‘लाइनीत’ होताना होतो. शाळेतील शुद्धलेखनाचा नियम या परकीणीने जितका निमूटपणे पाळला आहे तितका आमचे पुष्कळ पदवीधर पाळीत नाहीत. ज्या भाषेच्या व्याकरणात एवढी पचनशक्ती आहे, ती एखाद्या शब्दाच्या येण्याने बुडेल ही भीती आम्हांस निराधार वाटते.

मग भीती मुळीच नाही काय? आहे, पण ती निराळ्या ठिकाणी आहे. भाषाशुद्धीचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. शिवकाळी राज्यव्यवहारकोश रचला गेला तो दरबारातील फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द यावेत म्हणूनच. विसाव्या शतकात सावरकरांनी ही चळवळ नव्या जोमाने उभारली. ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘दूरध्वनी’ असे जे शब्द त्यांच्या नावाशी जोडले जातात ते आज कोणी मुद्दाम न शिकताही वापरतो. माधवराव पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन यांची गोष्ट तर फार बोलकी आहे. १९२५ साली ज्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला, त्यांनीच १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. परक्या भाषेवर प्रेम करणारा मनुष्य स्वभाषेच्या शुद्धीचा कैवारी होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस आठवत नाही.

तथापि या चळवळीच्या अनुयायांनी बहुधा एकच प्रश्न विचारला : शब्द कोठून आला? विरोधकांनीही एकच उत्तर दिले : लोकांस समजतो ना, मग झाले! आमच्या मते दोन्ही पक्ष दारावरच भांडत राहिले आणि घरात काय चालले आहे हे कोणी पाहिले नाही. शब्दास विचारावयाचा प्रश्न असा की, तू आल्याने एखादा भेद नव्याने दिसू लागला, की असलेला एखादा भेद पुसला गेला?

या कसोटीवर आमच्या लाईनची परीक्षा करून पाहू. पोलीस लाईन हा वसाहतीचा एक विशिष्ट प्रकार आहे, त्यास चाळ किंवा आळी म्हणून चालत नाही. येथे शब्दाने भेद दाखविला. ‘कोणत्या लाईनला राहता?’ या प्रश्नास ‘मार्ग’ हा शब्द पुरा पडत नाही. ‘मुलाने कोणती लाईन घ्यावी?’ असे बाप विचारतो तेव्हा त्यात शिक्षणाची शाखा, पुढील पेशा आणि पोटाची चिंता ही तिन्ही एकत्र असतात. ‘शाखा’ म्हटल्याने चिंता सुटते, ‘पेशा’ म्हटल्याने शिक्षण सुटते. ‘लाईन मारणे’ हा प्रयोग सभ्य नाही हे कबूल, पण त्यानेही एक उपकार केला आहे. फाटकाशी उभे राहण्याच्या त्या उद्योगास स्वतंत्र नाव मिळाल्यामुळे ‘प्रेम’ हा शब्द त्या कामातून सुटला.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. तिकिटाच्या खिडकीपुढे ‘रांग’ हा शब्द पूर्णपणे काम देतो. ‘रांगेचा फायदा सर्वांना’ ही पाटी वाचून कोणी अडखळल्याचे ऐकिवात नाही. ‘लाइनीवर येणे’ याने ‘वठणीवर येणे’, ‘ताळ्यावर येणे’, ‘मार्गास लागणे’ या तिघांना एकदम घरी बसविले. हे तीन प्रयोग एक नव्हेत. वठणीवर आणणारा दुसरा कोणी असतो. ताळ्यावर मनुष्य पुष्कळदा स्वतःच येतो. आणि मार्गास लागलेल्याविषयी बोलणाऱ्याच्या मनात समाधान असते. लाइनीवर आलेल्या मुलाचे नेमके काय झाले हे शेजारीण सांगत नाही, कारण तिच्या शब्दात ते सांगण्याची सोयच नाही.

सुशिक्षित कुटुंबांतील मुलांच्या बोलण्याकडे कान दिला तर हा तोटा अधिक स्पष्ट होतो. मुंग्यांची लाईन, डोंगरांची लाईन, दिव्यांची लाईन, बगळ्यांची लाईन, वहीवरची लाईन, कवितेची लाईन! मराठीत डोंगरांची रांग असते, अक्षरांची ओळ असते, बगळ्यांची माळ असते, उंटांचा तांडा असतो, पाटीवर रेघ असते, तळहातावर रेषा असते, आणि जेवणाऱ्यांची पंगत असते. ही नुसती प्रतिशब्दांची चैन नव्हे. बगळ्यांस ‘माळ’ म्हणणाऱ्याने आकाशाच्या गळ्यात ती पाहिलेली असते. जो मुलगा सर्वांस लाईन म्हणतो, त्याचे डोळे अधू नसतात. पण पाहिलेले वेगळे ठेवावयास त्याच्याजवळ वेगळी खुंटी नसते.

यांतील पंगतीविषयी अधिक सांगितले पाहिजे, कारण तेथे हा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही. लग्नकार्यात पंगतीची जागा हातात ताट घेऊन उभ्या राहणाऱ्यांच्या लाइनीने घेतली आहे. पंगतीत मनुष्य मनुष्याच्या शेजारी बसतो. समोरच्या पंगतीतील तोंडे त्यास दिसतात. वाढणारा त्याच्याकडे येतो, आणि सर्वांची पाने वाढून झाल्यावाचून कोणी हात लावीत नाही. लाइनीत मनुष्यापुढे दुसऱ्याची पाठ असते आणि ज्याची पाळी आली तो आपले घेऊन बाजूस होतो. हे पाहून पंगतीसाठी गहिवरणे सोपे आहे. परंतु भाषेचा साक्षीपुरावा काढावयाचा तर पुरा काढला पाहिजे. याच पंगतीच्या कुळात ‘पंक्तिभेद’, ‘पंक्तिप्रपंच’ आणि ‘पंक्तिबाह्य’ हे शब्दही जन्मले आहेत. एकाच मांडवात कोणास तूप अधिक, कोणास कमी, आणि कोणास मांडवाबाहेर, हा व्यवहार ज्या समाजात होता त्याच समाजाने ते घडविले. ‘लाईनभेद’ असा शब्द मात्र मराठीने आजवर घडविलेला नाही. आगगाडीच्या तिकिटाच्या खिडकीने जी रांग या देशात आणली तीत पुढच्याची जात मागच्यास विचारण्याचे कारण उरले नाही. मधे घुसणारे तेथेही असतात, पण त्यांचा अधिकार कोणी धर्म म्हणून मान्य करीत नाही. लाईन आणि पंगत या दोन शब्दांच्या मध्ये एका समाजाचे एवढे मोठे स्थित्यंतर उभे आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो की दोन्ही शब्द राहिले पाहिजेत. एकाने दुसऱ्यास गिळले तर ते स्थित्यंतर समजून घेण्याचे साधनच हातून जाईल.

जेथे आमचे शब्द हाताच्या कामाशी घट्ट बांधलेले होते तेथे या शब्दाचा शिरकाव झाला नाही, हेही नमूद केले पाहिजे. इंग्रजीत कपडे वाळत घालण्याच्या दोरीस याच शब्दाचा आधार आहे. आमच्या घरांत ते वलणच आहे. भिंत उभी सरळ आहे की नाही हे पाहणाऱ्या गवंड्याच्या हाती ओळंबाच आहे. कोळ्याचा गळ आणि त्याची दोरी जशीच्या तशी आहे. घराण्यास वंश आहे. यावरून शब्द कसे टिकतात याचा बोध घेता येईल. जी वस्तू रोज हाती धरली जाते तिचे नाव सहसा कोणी हिरावून नेत नाही. उद्या वलण गेले आणि गच्चीत यंत्र आले, तर शब्दकोशात कितीही जपले तरी ‘वलण’ हा शब्द तेथे निपचित पडून राहील. तेव्हा दोष परक्या शब्दास देण्यापूर्वी आपण स्वतः कोणत्या वस्तू, कोणती कामे आणि कोणत्या चाली सोडल्या याचा हिशेब करणे बरे.

विनोबांच्या आईस गीता समजून घ्यावयाची होती, आणि संस्कृत तर येत नव्हते. उपलब्ध मराठी भाषांतरही कठीण वाटले तेव्हा, तूच का लिहीत नाहीस, असे त्या माउलीने मुलास विचारले. त्या १९१८ साली वारल्या. ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये लिहून झाली व १९३२ साली प्रसिद्ध झाली. ज्या मनुष्याने पुढे अनेक भाषा शिकल्या, कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबीही शिकून घेतली, त्याने आपल्या सर्वांत प्रिय ग्रंथासाठी शब्द निवडताना आईस कळेल की नाही हे माप धरले. ते माप आजही उपयोगी आहे. आजच्या आईस ‘लाईन’ कळते, यात शंका नाही, आणि म्हणून तिला घराबाहेर काढण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. पण त्याच आईस रांग, ओळ, माळ, रेघ, पंगत आणि वलण हेही कळतात. ते तिच्या मुलास कळतील की नाही, हा प्रश्न आहे, आणि तो कोणत्याही भाषाशुद्धिमंडळापेक्षा जेवणाच्या पानावर व निजतेवेळच्या गोष्टीत अधिक सुटण्यासारखा आहे.

गागोद्याच्या वेशीवरचा ‘बुद्रुक’ आता परका राहिलेला नाही. काही पिढ्यांनी ‘लाईन’ही तशीच होईल, आणि तीस परकी म्हणणाऱ्यास लोक हसतील. त्या वेळी तिच्या शेजारी तिच्या मराठी जावा नांदत असाव्यात एवढीच आमची इच्छा आहे. संध्याकाळी अंगणातून बगळे दिसले तर मुलास हाक मारून ‘ती बघ माळ’ असे म्हणावयास काही वेळ लागत नाही.